नॅनोसेकंदाची वीत

कॉलेजच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत
ॲल्युमिनियमच्या अठ्ठेचाळीस नळ्या.
प्रत्येकीच्या पोटातून एक तार, सोन्याचा मुलामा दिलेली,
केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.
डोळ्यांना धड दिसत नाही, बोटांना लागते.
म्हणून मी नायनांना बोलावलं.

चाळीस वर्षं यंत्रमागावर. कान तिथेच राहिले.
माझं बोलणं ते ओठांवरून उचलतात,
तुटलेला धागा तेव्हा तळहातानं ओळखायचे.
"ताण किती?" एवढंच विचारलं.
पन्नास ग्रॅम.
दुसऱ्या दिवशी अनसूयाक्काच्या दुकानातलं वजन
खिशातून काढून टेबलावर ठेवलं,
पितळेचं, चिंचेचा वास लागलेलं.
कप्पीवरून तार सोडली, टोकाला वजन,
झोका निवेपर्यंत थांबले, मग चिमटा.
दिवसाला सहा नळ्या. सातवी नाहीच.

नळीत आर्गॉन, अक्कलकोट रोडच्या वेल्डिंगवाल्याकडचा,
आणि वरून म्युऑन.
तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला एक तरी,
आत्ता तुमच्याही हातातून.
जाता जाता वायूतले इलेक्ट्रॉन उधळतो, थांबत नाही.
ते इलेक्ट्रॉन तारेकडे निघतात
नॅनोसेकंदाला एका केसाची जाडी, या चालीनं.
कण आम्हाला कधीच दिसत नाही.
बातमी किती उशिरा पोचली ते मोजायचं
आणि उशिरावरून अंतर काढायचं.

हे मी नायनांना फळ्यावर लिहून दाखवलं.
बराच वेळ बघत राहिले.
मग बोलले, बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्यांदा:
"अम्मा सिरसिल्ल्यात वारली, कार्ड पाचव्या दिवशी आलं.
गाव किती लांब आहे, ते मला त्या दिवशी कळलं."
होटगीकर मॅडम दारात उभ्या होत्या. फळा पुसायचा राहिला.

चारी थरांचं म्हणणं एकाच क्षणी ऐकायचं
तर लवकर येणाऱ्या सिग्नलला जरा थोपवावं लागतं.
थोपवायचं कशानं? नुसत्या लांब केबलनं.
केबलमधून नॅनोसेकंदात वीतभर अंतर कापलं जातं.
"कुणाची वीत?"
पट्टीवर वीस सेंटिमीटर. त्यांची बावीस, माझी एकोणीस.
कापली पट्टीनंच;
पण कापण्याआधी जमिनीवर उकिडवे बसून
दोघांनीही आपापली टाकून पाहिली.

मे महिना. खोलीत चव्वेचाळीस.
ॲम्प्लिफायर तापले की कशालाही ओरडतात.
सतरा नंबर तर काही नसताना "आला, आला".
प्रत्येक नळीपुढे एक उंबरठा असतो, व्होल्टचा,
त्याच्याखालचा गलका बाहेर थांबतो.
फार वर नेला तर खरा पाहुणाही बाहेर.
खाली ठेवला तर घरात बाजार.
नायनांनी सतरावर तळहात ठेवला, डोळे मिटले:
"ढिली आहे."
उघडून पाहिलं. पन्नास ग्रॅम, तंतोतंत.
दोष माझ्याच सोल्डरमध्ये होता, थंड राहिलेला थेंब.
आपलं चुकलं याचा इतका आनंद झालेला माणूस
मी पहिल्यांदा पाहिला.

पहाटे तीनला, पत्रा निवल्यावर,
स्क्रीनवर चार ठिपके, तिरके, एका रेषेत.
मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चार.
नायना खुर्ची ओढून जवळ बसले.
मी सांगितलं, एक नोंद लिहून होईपर्यंत
यंत्र आंधळं असतं, काही मायक्रोसेकंद.
"तेवढ्यात येतात त्यांचं काय?"
येतात. जातात.
"नोंद नाही?"
नाही.
त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही,
माहीत असल्यासारखी,
आणि टेबलावरचं वजन उचलून खिशात टाकलं.
अनसूयाक्का दुकान सातला उघडते.